मास्तरांचा डावा हात

"म्हणजे मास्तरांचो हात चलाक लागलो!" सुदेश म्हणाला, आणि मास्तरांच्या बायकोने, आनंदीबाईंनी, मान हलवली. घडलं ते एवढंच. भरड नाक्यावरच्या त्याच्या वह्या-पेनांच्या दुकानात त्या निळा रंग मागायला गेल्या होत्या. घरच्या पत्र्याच्या छोट्या डबीतली निळी वडी झिजून मधोमध खड्डा पडला होता आणि तळाचं पांढरं प्लास्टिक दिसायला लागलं होतं. "वडी नाय काकी, ट्यूब आसा, पण रंग तोच," म्हणत सुदेशने काचेच्या कपाटात हात घातला, आणि मग तसाच थांबून, डोळे मोठे करून तो ते बोलला. आनंदीबाईंना खरं म्हणजे दोनच शब्द बोलायचे होते. माका व्हयो. जिभेवर आलेही होते. पण पन्नाशी उलटलेल्या बाईने भर दुकानात उभं राहून मला रंग हवा म्हणायचं, म्हणजे मला लिमलेटची गोळी हवी म्हणण्यातलाच प्रकार, आणि शेजारी वह्या घेणारी कोणी एक बाई वळून बघतही होती. तोंड गप्प राहिलं आणि मानेने परस्पर काम उरकलं. सुदेशने ट्यूब कागदात गुंडाळली, पैसे काही घेईना, "सरांका सांगा, सुदेशान दिल्यान," म्हणाला, आणि त्याचे डोळे चक्क भरून आले. शाळेत मास्तरांच्या हाताखाली शिकलेला मुलगा तो, पण तसा रडणाऱ्यातला नव्हे. आनंदीबाईंनी ती पुडी पिशवीत टाकली, पेडव्यांच्या मासळीपासून जरा लांब सारली आणि त्या घराकडे चालू लागल्या.

रस्ताभर त्या स्वतःशीच भांडत होत्या. मी खोटं बोललेच नाही, असं एक मन म्हणे. दुसरं म्हणे, बोलली नाहीस, पण बोलू दिलंस. उन्हं चढली होती, स्टँडकडे निघालेल्या रिक्षा अंगाला घासून जात होत्या, आणि एवढ्याशा पुडीचं ओझं खांद्याला जाणवत होतं. मास्तरांचा हात म्हणे. कुठला हात? उजवा गेल्या वर्षी गणपती पोचवून आले त्या संध्याकाळी गेला. पाय धुवायला पडवीच्या पायरीवर बसले ते आपल्या पायांनी उठलेच नाहीत. तोंड वाकडं झालं, उजवी बाजू गळून गेली, आणि ज्यांच्या एका खाकरण्याने चित्रकलेचा अख्खा वर्ग चिडीचूप व्हायचा त्या केळुसकर मास्तरांकडे शब्द म्हणून उरले ते 'नाय' आणि 'गो', आणि मधे नुसता घोगरा श्वास. पाय हळूहळू काठीच्या आधाराने चालायला लागला. हात नाही. डाव्या हाताला सवय लावा, डॉक्टर म्हणाले, चित्रकार माणूस आहे, हातात रंग द्या. म्हणून ठाण्याहून रियाने, त्यांच्या लेकीने, कुरियरने ती डबी पाठवली. प्रवासात न्यायची डबी, तळहातावर मावेल एवढी. आत चौकोनी वड्या ओळीने बसवलेल्या, झाकणातच रंग कालवायच्या वाट्या, आणि ब्रश दोन तुकड्यांचा, एकात दुसरा अडकवला की लांब होणारा. सोबत पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदांचं पॅड. आनंदीबाईंनी ती मास्तरांच्या मांडीवर ठेवली तेव्हा देवापुढे नैवेद्य ठेवावा तशी ठेवली. मास्तरांनी डाव्या हाताने झाकण उघडलं. सगळे रंग नीट बघितले, गावची माणसं बऱ्याच दिवसांनी भेटल्यावर बघावीत तसे. ब्रश उचलला, बोटांत धरायला गेले, तो घसरून लेंग्यावर पडला. दुसऱ्यांदा त्यांनी तो उचलला नाही. झाकण लावलं आणि म्हणाले, "नाय." त्यानंतर तो विषय निघाला की मास्तर भिंतीकडे तोंड फिरवत. मग आनंदीबाईंनी डबी कपाटात साड्यांच्या खाली सारून दिली आणि वर दोन जुनी लुगडी टाकली.

साड्यांखालची ती डबी बाजाराच्या पिशवीत कशी आली, हे त्यांना आजही धड सांगता आलं नसतं. एका सकाळी साडी काढताना हाताला गार पत्रा लागला आणि हाताने तो उचलला, एवढं खरं. धक्क्यावर होड्या अजून यायच्या होत्या. गोदूबाई आणि मासे विकणाऱ्या बाकीच्या बाया टोपल्या पालथ्या घालून त्यांवर बसल्या होत्या. आनंदीबाई जरा पलीकडे, दगडांच्या उतारावर जाऊन टेकल्या आणि त्यांनी डबी उघडली. आता पाणी? पाणी बरोबर घ्यायचं डोक्यातच आलं नव्हतं, आणि समोर तर नजर पोचेल तिथवर पाणीच पाणी होतं. त्यांनी वाकून ब्रश लाटेत बुडवला, निळ्या वडीवर फिरवला आणि कागदाला टेकवला. रंग सुटला. आपणहून पसरला, त्यांनी नेला तिकडे गेला आणि नेला नव्हता तिकडेही गेला, आणि त्यांच्या पोटात काहीतरी हललं. रिया पोटात पहिल्यांदा हलली होती तेव्हाही त्या अशाच, हातातलं काम हातात धरून, गप्प राहिल्या होत्या आणि संध्याकाळपर्यंत कोणाला काही सांगितलं नव्हतं. "काय गो मास्तरणी, काय धुतंस थंय?" गोदूबाईने लांबून हाळी घातली. "काय नाय गो!" असं म्हटल्यावर तर गोदूबाईला यायलाच हवं होतं. ती आली, कमरेवर हात ठेवून कागदाकडे बघत राहिली. "ह्या काय?" "आभाळ." "असला आभाळ दिसला तर आमच्यो होड्यो सुटूच्यो नाय," गोदूबाई म्हणाली आणि हसत हसत आपल्या टोपलीकडे गेली. आनंदीबाईही हसल्या, पण कागद त्यांनी उलटा केला नाही.

ते आभाळ काही वाळेना. घरी आणून उन्हात ठेवलं, चुलीच्या उबेला ठेवलं, तरी बोट लावलं की चिकटे. मग त्यावर बारीक पांढरी कणी धरली. रंगच हिणकस असणार, रियाला दुकानदाराने फसवलं असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं. शेवटी कोणी बघत नाहीसं बघून त्यांनी कागदाला जीभ लावली. खारट! स्वयंपाकघरात एकट्याच उभ्या राहून त्या इतक्या हसल्या की तोंडात पदर कोंबावा लागला. उभा जन्म मास्तरांच्या चित्रांसाठी विहिरीचं गोडं पाणी पेल्यात भरून देणारी बाई, गढूळ झालं की बदलून देणारी, ब्रश धुऊन उभे ठेवणारी, आणि तिला समुद्राच्या पाण्याने रंगवू नये एवढं कळू नये? पण त्या पाणी ठेवून वळत, थांबून बघत नसत. हे त्यांना आता, खारट जिभेने उभं असताना उमगलं. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मास्तर एकदा म्हणाले होते, "बस गो हंय, तुका शिकयतंय." त्या म्हणाल्या होत्या, "आमटी करपतली." आमटी चुलीवर नव्हतीच, डाळही अजून निवडायची होती. लाजेने तोंडाला आलं ते बोलून त्या आत पळाल्या आणि मास्तरांनी पुन्हा विचारलं नाही. सासरच्या गोष्टी आठवून रागवायची सवय असलेल्या बायका त्यांनी पुष्कळ बघितल्या होत्या, पण ह्या बाबतीत त्यांना तीही सोय नव्हती. माणसाने विचारलं होतं. आपणच उठलो होतो.

मग गोडं पाणी आलं, औषधाच्या रिकाम्या बाटलीतून. दुपारी मास्तर आतल्या खोलीत पडले की आनंदीबाई पडवीत फतकल मारून बसत, पुढे पाट, पाटावर कागद, आणि उतार यावा म्हणून पाटाच्या एका टोकाखाली करवंटी. त्या आभाळच काढत. पडवीसमोर माडांच्या मधे ते आयतंच होतं आणि त्याला नाक-डोळे नव्हते, म्हणून सोपं असेल असं वाटलं होतं. कसलं सोपं! आभाळासारखी हट्टी वस्तू दुसरी नाही. कागद सगळा ओला करायचा, वरून निळा सोडायचा, पाणी घालत घालत तो खाली आणायचा, समुद्राजवळ पोचेस्तोवर त्याचा नुसता भास उरला पाहिजे, आणि हे सगळं एका दमात, मधे न थांबता, कारण पाणी कोणासाठी थांबत नाही. आणि नेमकं मधेच आतून ठक् ठक् होई. मास्तरांची काठी. शब्द गेल्यापासून मास्तर जमिनीवर काठी आपटून बोलावत. पहिल्या ठोक्याला आनंदीबाई उठलेल्या असत, ब्रश कुठे ठेवला तेही त्यांना कळत नसे. परत येऊन बघावं तो आभाळ अर्ध्यावर वाळलेलं आणि पाणी जिथे थांबलं तिथे डाग, भिंतीवर ओल चढून वाळल्यावर राहतो तसा काठाकाठाने गडद. वरून पाणी लावून पुसायला गेलं की डाग आणखी फुलत असे. गादीखाली साठलेली ती सगळी आभाळं त्यांना डागांवरून ओळखू येत. ह्याला मास्तरांना पाणी हवं होतं. ह्याला उशी सरकली होती. ह्याला माशी बसत होती. आणि ह्याला काहीसुद्धा नको होतं, त्या दारात जाऊन उभ्या राहिल्या तेव्हा मास्तरांनी नुसतं बघितलं, "गो" म्हणाले आणि डोळे मिटले. त्या दिवशी त्यांना राग आला होता, चांगला कानशिलं तापवणारा राग, आणि त्याच्या मागोमाग त्या रागाची इतकी लाज वाटली की रात्री त्यांनी मास्तरांना आवडतात म्हणून तिरफळं घालून बांगडे केले. एक आभाळ. वरपासून खालपर्यंत, डाग न पडलेलं, एकच. ह्यापलीकडे त्यांना काही नको होतं, आणि ते मागायचं कोणाकडे हेच कळत नव्हतं.

सुदेशच्या दुकानातल्या त्या मान हलवण्याला पाय फुटायला वेळ लागला नाही. गावात बातमी चालायला लागली की तिला वाहन लागत नाही. दाढी करायला येणारा न्हावी मास्तरांना म्हणाला, "आता माजो पण एक फोटो काढा!" रस्त्याने जाणारे कुंपणावरून हात करू लागले. आणि मग रियाचा फोन आला. "आई! बाबा चित्रं काढतात आणि तू मला सांगितलं नाहीस?" सुदेशने तिला फोन केला होता. रिया बोलता बोलता रडत होती आणि रडता रडता हसत होती. "मला वाटलेलं डबी तशीच पडून राहील. खरंच वापरतात ना?" आनंदीबाई रिसीव्हर धरून उभ्या होत्या. मीच वापरते म्हणायचं, म्हणजे एका वाक्यात डबीही वाया गेली आणि बाबाही. "जरा जरा," त्या म्हणाल्या. हे मात्र स्वतःच्या तोंडचं खोटं होतं, मानेवर ढकलता येणारं नव्हतं. "बाबांना दे ना." मास्तरांनी डाव्या हाताने रिसीव्हर कानाला लावला. रियाचा आवाज बाहेर ऐकू येत होता. "बाबा, मला एक चित्र पाठवा हं, मी ऑफिसात टेबलावर लावणार!" मास्तर ऐकत राहिले. मग त्यांची नजर हळूहळू वळली आणि आनंदीबाईंवर येऊन थांबली. दुखण्यात पडल्यापासून त्यांनी असं बघितलं नव्हतं. हवं-नको सांगायला बघत, पण हे तसं नव्हतं, हे विचारणं होतं. आनंदीबाई दूध उतू जात असल्यासारख्या आत गेल्या. आत जाऊन बघतात तर दूध कपाटात थंड होतं.

रविवारी संध्याकाळी सुदेश स्वतःच आला. केळी घेऊन आला, मास्तरांच्या पाया पडला आणि समोरच्या बाकड्यावर बसून म्हणाला, "सर, दाखवा बघूया." आता लपवायला जागा नव्हती. आनंदीबाईंनी गादीखालचा गठ्ठा आणून दिला. सुदेशने एकेक आभाळ बाकड्यावर मांडलं, मागे सरून बघितलं, पुन्हा जवळ गेला. "काकी, बघा बघा! हात थरथरता ता दिसता, पण निळो कसो सोडल्यानी बघा! वर भरलेलो आणि खाली म्हणशात तर आसा, म्हणशात तर नाय. ह्या सरांशिवाय कोणाक जमाचा नाय."  आजवर कोणी आनंदीबाईंच्या सोलकढीला चांगलं म्हटलं होतं, घावण्यांना म्हटलं होतं, पण हातातून असं काही उतरलं म्हणून कोणी म्हटलं नव्हतं. आणि जन्मात पहिल्यांदा आलेली ती वाहवा त्यांच्या डोक्यावरून सरळ पलीकडे जाऊन मास्तरांच्या खुर्चीत बसली. सुख झालं, आणि कोणी हातातलं काढून घेतल्यासारखंही झालं, दोन्ही एकाच श्वासात. मास्तर ती चित्रं पहिल्यांदाच बघत होते. आधी भराभर बघितली. मग पहिल्यापासून सावकाश, पेपर तपासताना बघत तशी, ओठ आत ओढून. "नाय," ते म्हणाले. "सरांचा पयल्यापासून असाच," सुदेश कौतुकाने म्हणाला, "सवताच्या चित्राक कधी बरा म्हणाचे नाय." त्याने त्यातलं एक निवडलं, खाली उजव्या कोपऱ्यातच काय तो डाग पडलेलं, सगळ्यांत निभावलेलं. फ्रेम करून दुकानात लावणार होता. "पण सर, खाली सही व्हयी. डाव्या हाताची, वाकडी का असाना. उद्या येतंय." चित्र टेबलावर ठेवून तो गेला.

दोन शब्द होते, आणि तो पायऱ्या उतरेपर्यंत वेळही होता. आनंदीबाई दाराला धरून उभ्या राहिल्या. सांगितलं असतं तर सुदेशचे ते भरलेले डोळे तिथल्या तिथे विझले असते. आठवडाभर गावाने मास्तरांना पुन्हा मास्तर केलं होतं, दुखणाईत म्हणून बघायचं थांबवलं होतं. ते आपल्या तोंडाने काढून घ्यायचं? नवऱ्याच्या ताटातलं उचलून घेण्यासारखंच की ते. आणि तरीही आभाळ त्यांचं होतं. कोपऱ्यातला डागसुद्धा त्यांचा होता. त्या दिवशी मास्तरांना चष्मा सापडत नव्हता, आणि तो त्यांच्याच कपाळावर होता. असल्या गोष्टी सुदेशला काय ठाऊक? त्या आत गेल्या, दिवा लावला, तांदूळ धुवायला घेतले आणि पाणी उगाच तीनदा बदललं. बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. काठीचा नव्हे, खुर्चीचा. त्या हात ओले घेऊनच दारात आल्या. मास्तर टेबलाशी बसले होते. डाव्या मुठीत, लहान पोर धरतं तशी, पेन्सिल आवळून धरली होती आणि चित्रावर वाकले होते. सही करतायत.  करू देत, त्यांनी स्वतःला बजावलं, वर्षभरात हातात पेन्सिल धरली नव्हती माणसाने, आज धरली, आनंद मान. नावात काय, घराच्या पाटीवरही त्यांचंच आहे.  त्यांनी मास्तरांना अडवलं नाही. मास्तरांच्या तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळली, ती पुसायला ते थांबले नाहीत. पेन्सिल एकदा कागदात रुतली, पुन्हा वर निघाली. मग त्यांनी चित्र टेबलावरून आनंदीबाईंकडे सरकवलं.

सही नव्हती. खालच्या कोपऱ्यात, डागाच्या शेजारी, एक वाकडातिकडा चार होता, त्याखाली रेघ, रेघेखाली दहा, आणि सगळ्याभोवती तुटकं वर्तुळ, शाळेत प्रत्येक पोराच्या कागदावर मास्तर करत तसं.  मास्तर स्वतःला मार्क देणारे नव्हते. म्हणजे त्यांना माहीत होतं. कधीपासून? पाट सरकल्याचा आवाज रोज दुपारी येतो तेव्हापासून? वाढताना नखांत निळा दिसला असेल तेव्हापासून? मास्तर वर बघत होते, पेपर परत देणाऱ्या माणसाच्या तोंडाने. बाकी सगळं, म्हणजे डोळ्यांत पाणी आणि छातीत ऊब आणि हा हात चालला, हा खरोखरच चालला, हे सगळं मागाहून आलं. सगळ्यांत आधी आला तो संताप. "चार?" त्या म्हणाल्या. "चारच? अवो, तुमी दर घडयेक काठी आपटतास, मी उठान धावतंय, आणि थंय आभाळ सुकता! माका एक दिवस सलग बसाक गावला आसता तर बघितलास आसता! चार म्हणे!" एवढ्या मोठ्याने त्या घरात कधी बोलल्या नव्हत्या. मास्तर दचकले नाहीत. त्यांनी पेन्सिलीने डागावर टकटक केलं. मग तो डावा हात वर नेला आणि हवेत वरून खाली आणला, थरथरत, सावकाश, कुठेही न थांबता, टेबलाच्या कडेपर्यंत. "गो," ते म्हणाले. "ठावक आसा माका," आनंदीबाई म्हणाल्या, आणि आता मात्र त्या रडत होत्या, "मदी थांबाचा नाय ता माका ठावक आसा. पण तुमी बसाक देतास?" मास्तरांनी मान खाली घातली.  आनंदीबाईंनी पदराने त्यांच्या तोंडाची लाळ पुसली, मग त्याच पदराने आपले डोळे पुसले आणि तांदूळ वैरायला आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी मास्तर दुपारी पडले नाहीत. पडवीत खुर्चीत बसून राहिले आणि काठीने कपाटाच्या माथ्याकडे दाखवू लागले. तिथे त्यांच्या जुन्या मोठ्या कागदांची गुंडाळी धूळ खात पडली होती. आनंदीबाईंनी त्यातला एक काढला, कडा जरा पिवळ्या झाल्या होत्या, पण हाताला दमदार होता. पाट मांडला, करवंटी सारली आणि त्यांच्यासमोर, उघड उघड, पहिल्यांदा कागद ओला केला. शिकवणाऱ्यासमोर बसायची सवय नव्हती. रियाला रात्री फोन करायचा आणि काय आहे ते सांगायचं, हे सकाळीच ठरलं होतं. रडेल थोडी, मग समजेल. निळा वरून सोडला. तो उतरायला लागला आणि फाटक वाजलं. "काकी, झाली सही?" सुदेश. "टेबलार आसा, बघ जा. माका उठाक जमाचा नाय." सुदेश आत गेला.  तो बाहेर आला तेव्हा चित्र त्याच्या दोन्ही हातांत होतं. त्याने मास्तरांकडे बघितलं, मग पाटावर वाकलेल्या आनंदीबाईंकडे, त्यांच्या निळ्या बोटांकडे. "काकी... ही तुमी काढलास?" "होय," आनंदीबाई मान वर न करता म्हणाल्या. केवढा लहान शब्द होता तो. सुदेश पायरीवर बसला. चित्राच्या कोपऱ्याकडे तो बघत राहिला, आणि मग एखादी जुनी तक्रार सांगावी तसा हळूच म्हणाला, "माका सरांनी कधी तीनाच्या वर देवक नाय." मास्तरांच्या वाकड्या तोंडातून एक आवाज आला. तो हसण्याचा होता, हे कळायला दोघांनाही क्षणभर लागलं.

निळा अर्ध्याखाली आला होता. खालच्या कडेला पाण्याची एक भरलेली रेघ थरथरत होती, ती मोडू द्यायची नव्हती, तिला धरून खाली आणायचं होतं. ठक्. काठी. चहाची वेळ झाली होती, रोज ह्याच वेळी होई. आनंदीबाईंची कंबर आपोआप उचलली गेली, गुडघा वर आला, ब्रश धरलेला हात कागदापासून सुटत होता. मग त्यांनी गुडघा परत खाली टेकला.

"थांबा," त्या म्हणाल्या. "माजा आभाळ ओला आसा."

मास्तरांची काठी दुसऱ्या ठोक्यासाठी वर गेलेली होती. ती तशीच राहिली. मग त्यांनी ती आवाज न करता मांडीवर आडवी ठेवली, सुदेशला डाव्या हाताने गप्प बस अशी खूण केली, आणि निळा पार खाली उतरेपर्यंत दोघेही आपापल्या जागी बसून राहिले.